ख्रिस्ती घरात वाढलेल्याचा विश्वास सुटतो, म्हणजे नेमके काय होते?

लहानपणी बाप्तिस्मा झालेली, रविवारच्या शाळेत वाढलेली, नाताळच्या गाण्यांत पुढे असलेली व्यक्ती मोठेपणी एक दिवस म्हणते, "माझा आता यावर विश्वास राहिलेला नाही." घरच्यांना वाटते की तिने सगळेच सोडले. बाहेरच्यांना वाटते की आता ती दुसऱ्या कुठल्या तरी धर्मात जाणार. बहुतेक वेळा दोन्ही अंदाज चुकतात. देवावरचा विश्वास, मंडळीचे सभासदत्व आणि ख्रिस्ती समाजातले स्थान या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकदम सुटत नाहीत, ठरलेल्या क्रमाने सुटत नाहीत आणि काही जणांच्या बाबतीत त्यातली एखादी शेवटपर्यंत सुटतच नाही. कायदा तर या तिन्हींपेक्षा वेगळीच, चौथी गोष्ट तपासतो.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती आहेत, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहून किंचित कमी. त्यांच्यातला हा विषय मराठीत फारसा लिहिला गेलेला नाही. म्हणून त्याची नीट उकल करणे गरजेचे आहे.

'विश्वास' हा शब्द

मराठी हिंदू घरात 'श्रद्धा' म्हणतात, मराठी ख्रिस्ती घरात बहुधा 'विश्वास'. हा नुसता शब्दांचा फरक नाही. हिंदू घरातला नास्तिक मुलगा गणपतीत मखर करतो, आरतीला टाळ वाजवतो, प्रसाद खातो. "तुझा देवावर विश्वास आहे का?" असे त्याला आरतीआधी कोणी विचारत नाही. कायदाही त्याला हिंदूच धरतो.

ख्रिस्ती उपासनेची रचना निराळी आहे. तिथे काय मानतो ते सर्वांनी मिळून, उभे राहून, मोठ्याने म्हणायचे असते. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आईवडील व धर्म-मायबाप त्याच्या वतीने वचन देतात आणि पुढे कळत्या वयात दृढीकरणाच्या विधीत मूल तेच वचन स्वतःच्या तोंडाने देते. काही पंथ तर लहान मुलांना बाप्तिस्मा देतच नाहीत. ज्याला समजते आणि जो मागतो त्यालाच देतात. त्यामुळे ज्याचा विश्वास उरला नाही त्याची अडचण फार साधी आणि दर रविवारची असते: उभे राहायचे, पण म्हणायचे काय? गप्प राहिले तर शेजारच्या बाकावरची मावशी पाहते, म्हटले तर आपण खोटे बोललो असे मनाला लागते.

शंका आणि विश्वास सुटणे या मात्र दोन गोष्टी आहेत. नीलकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोरे यांनी १८४८ साली बाप्तिस्मा घेतला. षड्दर्शनांचा हा कसलेला पंडित पुढे पुण्यात आणि इतरत्र धर्मोपदेशक म्हणून राहिला, पण शंकांनी त्यांना जवळपास जन्मभर छळले. पंथ बदलले, वाद घातले, मन अस्वस्थ राहिले, तरी ते १८९५ मध्ये मृत्यूपर्यंत ख्रिस्तीच होते. शंका घेणारा माणूस आत राहून भांडत असतो. विश्वास सुटलेल्याला भांडण्यात रस उरत नाही.

येण्याच्या साक्षी खूप, जाण्याची एकही नाही

मराठी ख्रिस्ती साहित्यात 'साक्ष' हा मोठा प्रकार आहे. मी कोण होतो, मला काय दिसले, मी ख्रिस्ताकडे कसा आलो, हे सांगणे म्हणजे साक्ष देणे. बाबा पदमनजी यांचे 'अरुणोदय' (१८८८) हे आत्मचरित्र याच जातीचे. पंडिता रमाबाईंनीही आपली साक्ष लिहिली. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' तर साऱ्या मराठीचेच धन आहे आणि त्यात नवरा ख्रिस्ती झाल्यावर घरावर काय ओढवते ते सगळे आले आहे.

हे सारे येण्याचे साहित्य आहे. जाण्याच्या कहाणीसाठी असा तयार साचा नाही. सभेत उठून "मला आता हे पटत नाही" असे सांगण्याची प्रथा कुठल्या मंडळीत असणार? म्हणून बहुतेक लोक काहीच न सांगता बाजूला होतात. आधी महिन्यातून एकदा, मग नाताळ-ईस्टरला, मग फक्त लग्नाला आणि मातीला.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचे उदाहरण इथे उपयोगी आहे, कारण ते उलट बाजूने तीच गोष्ट दाखवते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' ही स्वतःची कल्पना मांडली. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. टिळकांनी संस्था सोडली, ख्रिस्त नाही. मंडळी एक आणि विश्वास दुसरा, हे महाराष्ट्रात इतक्या ठळकपणे त्याआधी क्वचितच कोणी जगून दाखवले असेल.

पुण्याच्या आश्रमातून बाहेर पडलेला पाद्री

विश्वास खरोखरच सुटल्याचे, आणि ते स्वतः लिहून ठेवल्याचे, महाराष्ट्राशी निगडित सर्वांत स्पष्ट उदाहरण एका इंग्रज माणसाचे आहे. व्हेरियर एल्विन यांना आपण मानववंशशास्त्रज्ञ म्हणून ओळखतो. बैगा, मुरिया, आगरिया या समाजांवरचे त्यांचे ग्रंथ आजही वाचले जातात. पण ते भारतात आले ते पाद्री म्हणून, आणि आले ते पुण्यात.

एल्विन यांचा जन्म १९०२ चा, इंग्लंडमधल्या डोव्हरचा. वडील आफ्रिकेत सिएरा लिओनचे बिशप होते. १९०९ मध्ये ते वारले आणि मुलगा आईच्या कडक इव्हँजेलिकल वळणात वाढला. ऑक्सफर्डला त्यांनी इंग्रजी साहित्य आणि ईश्वरविज्ञान या दोन्ही विषयांत पहिला वर्ग मिळवला. इंग्लंडच्या चर्चमध्ये त्यांना मोठी पदे मिळाली असती. ते सोडून १९२७ च्या अखेरीस ते भारतात आले. आपल्या देशाने भारतावर जो अन्याय केला त्याची थोडी तरी भरपाई करावी, ही त्यामागची भावना होती.

ते ज्या 'ख्रिस्त सेवा संघा'त आले तो जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये अहमदनगरला सुरू केला होता. पुढे तो पुण्यात आला. शिवाजीनगरचा आश्रम हा त्याच परंपरेतला. खादी घालायची, जमिनीवर बसून जेवायचे, गोऱ्या-काळ्यांनी बरोबरीने राहायचे, ख्रिस्ती उपासनेला भारतीय रूप द्यायचे, असा संघाचा बेत होता. विन्स्लो यांच्यावर टिळकांचा प्रभाव होता. टिळकांचे इंग्रजी चरित्र १९२३ मध्ये त्यांनीच लिहिले.

१९२८ च्या सुरुवातीला एल्विन साबरमतीला गेले आणि गांधींच्या प्रभावाखाली आले. १९३० मध्ये त्यांनी ख्रिस्त आणि सत्याग्रह यांची सांगड घालणारे पुस्तक लिहिले. इथून चर्चशी पहिली ठिणगी उडाली, पण ती देवावरून नव्हती, राजकारणावरून होती. इंग्रज सरकारला चर्चने पाठिंबा द्यावा आणि त्याच चर्चने प्रेमाचा उपदेश करावा, हे त्यांना जुळेना. १९३१ मध्ये ते संघातून बाहेर पडले. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मुंबईच्या मणिभवनात गांधींना अटक झाली तेव्हा एल्विन तिथेच होते.

त्याच महिन्यात ते आणि शामराव हिवाळे मंडला जिल्ह्यातल्या करंजिया या गोंड वस्तीच्या गावी राहायला गेले. गोंडांमध्ये काम करा असे जमनालाल बजाजांनी सुचवले होते. शामराव हे मराठी ख्रिस्ती, संघातलेच सोबती. दोघांनी आश्रमाला संत फ्रान्सिसचे नाव दिले. नागपूरच्या बिशपांनी एल्विन यांच्यापुढे अट ठेवली: पाद्री म्हणून काम करायचे तर राजाशी निष्ठेची शपथ घ्या. एल्विन यांनी नकार दिला. म्हणजे तोवर विश्वास शाबूत, पण उपासना चालवायचा परवाना गेलेला.

यानंतरचा भाग बारकाईने पाहण्यासारखा आहे. गोंडांमध्ये राहून त्यांना ख्रिस्ती करायचे नाही, हे दोघांनी आधीच ठरवले होते. औषधे द्यायची, शाळा चालवायच्या, कुष्ठरोग्यांची सेवा करायची. पण रोज ज्यांच्याबरोबर बसायचे-उठायचे त्यांचे देव, त्यांची गाणी, त्यांचे मरणाचे विधी समजून घेता घेता 'खरा मार्ग एकच' हा दावा एल्विन यांना आतून सैल होत गेलेला दिसला. कोणी त्यांना वादात हरवले नाही, कुठलाही एक ग्रंथ वाचून दिवा विझला नाही. १९३५ च्या अखेरीस त्यांनी इंग्लंडचे चर्च रीतसर सोडले. संघ, परवाना, मग चर्च आणि हळूहळू विश्वास: हा क्रम पाहिला की लक्षात येते, आपण ज्याला 'विश्वास गेला' म्हणतो ती घटना नव्हे, काही वर्षांचा प्रवास असतो आणि त्याची तारीख मागाहून लावलेली असते.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. एल्विन गांधीमार्गापासूनही दूर गेले. मोहाची दारू, नाचगाणे, स्त्री-पुरुष संबंध यांकडे पाहण्याची आदिवासींची निकोप दृष्टी त्यांना भावली होती. दारूबंदी आणि ब्रह्मचर्याचा आग्रह त्यांना त्या जगावर लादलेला वाटू लागला. एका अर्थाने त्यांचे दोन विश्वास सुटले. १९४० मध्ये त्यांनी कोसी या गोंड तरुणीशी लग्न केले. पुढच्या काळात मंडल्यातल्या मिशनरी कामाचे ते कडवे टीकाकार झाले. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि उत्तरायुष्यात त्यांचा ओढा बौद्ध विचाराकडे होता. १९६४ मध्ये ते वारले. त्यांच्या आत्मचरित्राला मरणोत्तर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

शामरावांनी १९४६ मध्ये एल्विन यांच्यावर एक पुस्तक लिहिले. परधान समाजावरचा त्यांचा अभ्यासग्रंथही त्याच वर्षीचा. स्वतःवर त्यांनी पुस्तक लिहिले नाही. माझ्या मते या साऱ्या गोष्टीत मराठी वाचकाला खरे कुतूहल वाटावे ते शामरावांबद्दल. इंग्रजाने चर्च सोडले तर त्याचे आत्मचरित्र होते. इथल्या माणसाला मागे गाव असते, नातलग असतात, मंडळी असते.

का सुटतो?

कारणे जगभर साधारण सारखी आहेत: निष्पाप माणसांना भोगावे लागणारे दुःख, प्रार्थनेला न मिळालेले उत्तर, विज्ञान, पवित्र शास्त्राची रचना कशी झाली याचा अभ्यास, मंडळीतले राजकारण आणि मालमत्तेचे दावे. महाराष्ट्रात एक कारण अधिक टोचते. इथल्या ख्रिस्ती मुलाच्या भोवतालचे शंभरातले नव्व्याण्णव लोक ख्रिस्ती नसतात. वर्गातला जिवलग मित्र, आजारपणात डबा आणून देणारी शेजारीण, बरेचदा स्वतःचे पणजोबासुद्धा. 'तारण फक्त ख्रिस्तात' हे वाक्य युरोपातल्या खेड्यात ऐकणे वेगळे आणि इथे ऐकणे वेगळे. ज्या पंथांत नरकाची शिकवण कठोर असते तिथे मुले हा प्रश्न लवकर विचारतात, आणि त्यांना मिळणाऱ्या उत्तरावर बरेच काही ठरते.

उलट, विश्वास सुटल्यावरही बरेच काही टिकते. गाण्याचा कान, वाचनाची सवय, सेवेची ओढ, खोटे बोलले की होणारी बोच. अनेक जण स्वतःला 'ख्रिस्ती संस्कारातला नास्तिक' म्हणवतात, ते याच अर्थाने.

कायदा काय पाहतो?

कायदा मनात डोकावत नाही. तो कागद पाहतो आणि कागदावर 'धर्म' हा रकाना असतो. याबाबत मुंबई उच्च न्यायालयाचा २३ सप्टेंबर २०१४ चा निकाल महत्त्वाचा आहे. याचिका करणारे तिघे येशू ख्रिस्ताला मानत होते, पण ख्रिस्ती धर्माला किंवा कुठल्याच धर्माला मानत नव्हते. आपण 'कोणत्याही धर्माचे नाही' अशी नोंद राजपत्रात व्हावी म्हणून त्यांनी शासकीय मुद्रणालयाकडे अर्ज केला होता आणि तो फेटाळला गेला होता. न्यायमूर्ती अभय ओक आणि अतुल चांदूरकर यांच्या खंडपीठाने सांगितले की घटनेच्या २५ व्या कलमातील सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यात कोणताही धर्म न पाळण्याचे स्वातंत्र्यही येते, आणि शासन कोणालाही आपला धर्म जाहीर करण्याची सक्ती करू शकत नाही. गंमत अशी की नास्तिकांच्या उपयोगाचा हा निकाल येशूवर विश्वास असलेल्यांनी मिळवला.

म्हणून आज मुंबईतला असो की भोर-वेल्ह्यातला, ज्याला कागदावरचा धर्म काढायचा आहे त्याला आधार आहे. प्रतिज्ञापत्र आणि राज्याच्या राजपत्रातली नोंद, हा त्याचा रूढ मार्ग. किती लोक तसे करतात? २०११ च्या जनगणनेत साऱ्या देशात स्वतःला नास्तिक म्हणवणारे जेमतेम ३३ हजार निघाले. त्यांत ९,६५२ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. 'धर्म सांगितला नाही' या रकान्यात मात्र देशभरातले २८ लाखांहून अधिक लोक आहेत.

बाकीच्या बाबतीत फरक असा पडतो. लग्न विशेष विवाह कायद्याने (१९५४) करता येते. त्यासाठी जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, धर्माचा दाखला लागत नाही. ख्रिस्ती घटस्फोट कायद्यात जोडीदाराने *दुसरा धर्म स्वीकारणे* हे घटस्फोटाचे कारण आहे, नुसता विश्वास सुटणे हे कारण नाही. वारसाहक्काच्या बाबतीत ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो आणि 'मी आता मानत नाही' एवढ्याने आईवडिलांच्या मालमत्तेतला वाटा जात नाही.

जातीचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. महाराष्ट्रातील बऱ्याच ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज दलित समाजातले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती आधी फक्त हिंदूंना होत्या, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती यात नाहीत. मग विश्वास सुटलेल्या दलित ख्रिस्ती तरुणाचे काय? २०१५ मधल्या केरळच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन गोष्टी मागितल्या: मूळ जातीचा पुरावा, मूळ धर्मात परतल्याचा पुरावा आणि त्या समाजाने स्वीकारल्याचा पुरावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने बजावले की मनात विश्वास नसताना केवळ आरक्षणासाठी केलेले धर्मांतर ही राज्यघटनेशी प्रतारणा आहे. थोडक्यात, एका देवावरचा विश्वास गेला एवढे पुरत नाही, परतायचे तर दुसरीकडे खराखुरा विश्वास दाखवावा लागतो. ज्याचा कशावरच विश्वास नाही, त्याने नेमके काय दाखवायचे?

मंडळी आणि घर

मंडळी सोडण्याचे नियम पंथानुसार वेगळे. कॅथलिक शिकवणीप्रमाणे बाप्तिस्म्याचा ठसा पुसला जात नाही. औपचारिकपणे चर्च सोडण्याची जी तरतूद विवाहाच्या नियमांत होती तीही व्हॅटिकनने २००९ मध्ये काढून टाकली. म्हणजे माणूस आपल्या लेखी बाहेर असतो, चर्चच्या लेखी आतच. प्रोटेस्टंट मंडळ्यांत सभासदांची यादी असते आणि नाव कमी करता येते, पण तसे कळवायला फारसे कोणी जात नाही. जर्मनीत चर्चचा कर पगारातून कापला जातो, त्यामुळे तिथे लोक सरकारी कार्यालयात जाऊन रीतसर नाव काढतात आणि दरवर्षी आकडे प्रसिद्ध होतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत ३७ टक्के लोकांनी 'धर्म नाही' असे लिहिले, ख्रिस्ती निम्म्याहून कमी झाले. आपल्याकडे असे आकडे निघणे कठीण, कारण इथे जाणारा दार वाजवून जात नाही.

शहरात हे खपते. पुण्यात एका चर्चला जाणे थांबवले तर लोकांना वाटते, दुसऱ्या चर्चला जात असेल. भोर-वेल्ह्यासारख्या तालुक्यांत, जिथे ख्रिस्ती घरे थोडकी, तिथे एक माणूस कमी झाला तरी बाक रिकामे दिसते. स्थळे मंडळीतूनच येतात, आजारपणात मंडळीच धावून येते, पाळक घरातलाच एक असतो. त्यामुळे तिथला माणूस बहुधा विश्वास सोडतो आणि मंडळी धरून ठेवतो. याला ढोंग म्हणणे मला पटत नाही. आईला हाताला धरून देवळात नेणारा मुलगा आईशी खोटे बोलत नसतो.

घरच्यांसाठीही एक गोष्ट. बातमी कळल्यावर आईवडील पाळकांना बोलावतात, उपास धरतात, मुलाच्या तारणाची काळजी करतात. त्यांच्या विश्वासानुसार ती काळजी खरी असते, तिला दबाव म्हणून झटकून टाकता येत नाही. मुलाचा नकारही तितकाच खरा असतो. ज्या घरांत जेवणाआधीची प्रार्थना चालू राहते आणि न मानणारा फक्त शांत बसतो, तिथे निभते. ज्या घरांत त्याला प्रार्थना म्हणायला लावतात, तिथे तो जेवायला उशिरा येऊ लागतो.

शेवटचा प्रश्न मातीचा. दफनभूमी बहुतेक ठिकाणी चर्चच्या किंवा समाजाच्या ताब्यात असते, आणि मंडळीशी संबंध न ठेवलेल्याला तिथे जागा द्यायची का, हे पाळक आणि समिती ठरवतात. पुष्कळदा देतात, कारण मागणारी मुले किंवा पत्नी मंडळीतच असतात. ज्यांना हा प्रश्न घरच्यांवर टाकायचा नसतो ते जिवंतपणीच देहदानाचा अर्ज भरतात. महाराष्ट्रात १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्याने त्याची सोय आहे. मात्र अर्ज भरला तरी मृत्यूनंतर वैद्यकीय महाविद्यालयाला कळवायचे काम जवळच्या नातलगांनाच करावे लागते, म्हणून ही इच्छा त्यांना आधी सांगून ठेवावी लागते.